न्हाणीघरातील धातू आणि त्यांची कांती

‘पितळ उघडे पडणे’ या मराठी वाक्प्रचाराला निंदेचा वास आहे. वरचा मुलामा झिजला, आतला हलका धातू दिसू लागला आणि सोंग संपले, असा त्याचा भाव. परंतु हाच वाक्प्रचार स्नानगृहातील नळाला लावला तर त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. नळाचा मुलामा जाऊन आत पितळ दिसले तर घरमालकाने समाधानच मानावे. कारण स्वस्त मालात आतून जस्ताची ठिसूळ मिश्रधातू किंवा नुसते प्लॅस्टिकही निघते. धातू एक आणि त्याची दिसणारी कांती दुसरी, ही गोष्ट आपण आज इतकी गृहीत धरली आहे की ती केव्हा आणि कशी घडली याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

नवे घर बांधणाऱ्यापुढे आज दुकानदार नळांचा जो तक्ता ठेवतो, त्यात चकचकीत क्रोम, घासलेले निकेल, मॅट काळा, गुलाबी सोनेरी, जुनाट काशासारखा तपकिरी असे दहा-बारा पर्याय सहज असतात. मग घरात चर्चा सुरू होते. नळ एका रंगाचा आणि टॉवेलची दांडी दुसऱ्या रंगाची चालेल काय? आरशाची चौकट सोनेरी असताना शॉवर रुपेरी दिसला तर पाहुणे काय म्हणतील? प्रश्न वरकरणी हौसेचा आहे. पण आपल्या आजीच्या न्हाणीघरात चार धातू एकत्र नांदत होते आणि त्यांच्या मेळाविषयी कोणालाही शंका आली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाला इतिहास आहे असे दिसू लागते.

त्या न्हाणीघरातला मुख्य ऐवज म्हणजे बंब. त्याचे पिंप तांब्याच्या पत्र्याचे, कारण सहज मिळणाऱ्या धातूंत उष्णता वाहून नेण्यात तांब्याला तोड नाही; लोखंडापेक्षा ते सुमारे पाचपट आणि स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसपट अधिक वेगाने ती पोचवते. मधोमध नळकांडे, त्यात गोवऱ्या नि लाकडाच्या ढलप्यांचा जाळ आणि भोवती पाणी, अशी ती मोठी हुशारीची रचना होती. खालची जाळी मात्र लोखंडाची. जळत्या निखाऱ्यांचा भार आणि चिमट्याचे घाव सोसणे हे मऊ तांब्याचे काम नव्हे. तोटी पितळेची, कारण पितळ ओतता येते, त्यावर आटे नेमके पाडता येतात आणि ते तांब्याहून कठीण असते. सांधे झाळायला कथील. शेजारी घंगाळ तांब्याचे वा पितळेचे, आणि त्यात विसण घालायला तांब्या. हा तांब्याही पुढे पितळेचा, मग स्टीलचा झाला. नाव तेवढे मूळच्या धातूचे राहिले.

म्हणजे धातूंची सरमिसळ होती, पण तिचा निकष डोळा नव्हता, काम होते. लाल, पिवळा, काळा हे रंग त्या कामाच्या मागोमाग आपोआप आले. स्वयंपाकघरातल्या पितळी भांड्यांना कल्हई लागे, कारण आंबट पदार्थ पितळेत कळकतात. न्हाणीतल्या भांड्यांना कल्हईची गरज नव्हती. म्हणून आपल्या घरांत धातू आपल्या खऱ्या रंगात उघडा राहिला तो न्हाणीघरात.

या चित्राकडे हळवेपणाने पाहण्याचा मोह होतो, आणि आमच्या पिढीतले पुष्कळ लेखक तो आवरत नाहीत. पण उघडा धातू हवेत आणि दमटपणात काळवंडतो, त्यावर हिरवी पुटे चढतात. चिंचेतले आम्ल तांब्यावरचे ते पूट विरघळवते, राख आणि माती उरलेले खरवडून काढतात. मात्र चिंच-राख घेऊन पायाजवळच्या थंडगार फरशीवर बसणारे हात बायकांचेच असत. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला लखलखणारा बंब सर्वांना आठवतो; आदल्या दोन दिवसांत तो कोणी घासला, हे आठवणारे थोडे. उघड्या धातूची कांती टिकवायची तर रोज कोणाचे तरी श्रम खर्ची पडत, आणि त्या श्रमांचा हिशेब कोणत्याही जमाखर्चात नव्हता.

युरोप-अमेरिकेतही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. घरात नळाचे पाणी आले तेव्हा तोट्या पितळेच्याच होत्या आणि मोठ्या घरांत त्या घासायला नोकर असत. इंग्लंडात एल्किंग्टन यांनी १८४० साली विजेच्या प्रवाहाने सोन्या-चांदीचा मुलामा चढविण्याचे पेटंट घेतले. बोस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्स याने १८६९मध्ये निकेलचा मुलामा देण्याची व्यवहार्य रीत पेटंट केली, आणि स्वस्त, रुपेरी, कठीण अशी कांती प्रथमच सामान्य वस्तूंवर चढू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकेलचे नळ हे सुखवस्तू स्नानगृहाचे लक्षण बनले. रोग जंतूंमुळे होतात हे त्याच सुमारास लोकांच्या मनावर बिंबत होते. पांढऱ्या फरशा, पांढरे चिनी मातीचे भांडे आणि रुपेरी नळ हा मेळ सौंदर्यापेक्षा स्वच्छतेच्या ध्यासातून जमला. पिवळ्या पितळेवर मळ दिसत नाही, पांढऱ्या-रुपेरी पृष्ठावर लगेच दिसतो. तेव्हा पितळ ‘अस्वच्छ’ ठरले. या समजुतीकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

या नव्या अभिरुचीचा एक जाणता साक्षीदार म्हणजे जर्मन वास्तुविशारद हेर्मान मुथेसियुस. १८९६ ते १९०३ या काळात तो लंडनच्या जर्मन वकिलातीत होता, आणि इंग्रजी घराचा बारकाईने अभ्यास करून त्याने १९०४-०५मध्ये तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात स्नानगृहाची वेगळी दखल आहे. जिथे नक्षीला वाव नाही, जिथे प्रत्येक नळीचे रूप तिच्या कामातून ठरते, अशी ही खोली त्याला खऱ्या अर्थाने आधुनिक वाटली. आम्हा इंदूरकरांना हे नाव परके नाही. त्याचे कारण पुढे येईल.

निकेलमध्ये एक उणीव होती. त्याची झाक किंचित पिवळसर, आणि दमट हवेत काही महिन्यांत ते मंदावते. म्हणजे घासणे कमी झाले तरी संपले नाही. ती उणीव क्रोमियमने दूर केली. हा धातू फ्रेंच रसायनज्ञ वोक्लँ याने १७९७-९८मध्ये सायबेरियातल्या तांबड्या खनिजातून शोधला होता. त्याची संयुगे नाना रंगांची असल्यामुळे रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पण धातूरूपात त्याचा चांगला मुलामा बसेना. बुन्सेनने १८५४मध्ये विजेने क्रोमियम काढून दाखवले, त्यानंतर सत्तर वर्षे गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४च्या सुमारास खरी मेख ओळखली. नुसत्या क्रोमिक आम्लातून काही साधत नाही. त्यात शंभरास एक या प्रमाणात सल्फेट असावे लागते, आणि हे प्रमाण चुकले की काम बिघडते. १९२६ साली त्यांना पेटंट मिळाले, आणि पुढच्या काही वर्षांतच मोटारींच्या बंपरपासून नळांपर्यंत सर्वत्र निळसर, आरशासारखी झळाळी पसरली. क्रोम काळवंडत नाही, कारण हवेशी संयोग होताच त्यावर ऑक्साइडचा अदृश्य पडदा तयार होतो आणि खालचा धातू सुरक्षित राहतो.

आपण ज्याला क्रोमचा नळ म्हणतो त्यात क्रोम किती असते? मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागापासून फार तर पाच भागांपर्यंत. गंजापासून खरे रक्षण करतो तो खालचा निकेलचा थर, आणि तो क्रोमच्या कैक पटींनी जाड असतो. नळ ‘सोलला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा निकेलच्या थरातच काटकसर झालेली असते. सरकारी नोकरीत असताना एका विश्रामगृहाच्या दुरुस्तीचे काम पाहण्याचा प्रसंग आला होता. अंदाजपत्रकात नळांपुढे ‘सी.पी.’ ही दोन अक्षरे होती, पुरवठादाराने नळ ‘सी.पी.’च दिले होते, आणि एका पावसाळ्यातच त्यांच्यावर फोड आले. कागदोपत्री कोठेही चूक नव्हती. थर किती जाडीचा हवा, हे त्या कागदात कोणी लिहिलेच नव्हते.

आता इंदूर. यशवंतराव होळकर (द्वितीय) यांची एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी गाठ पडली ती ऑक्सफर्डच्या दिवसांत. एकार्ट हा वर उल्लेखिलेल्या हेर्मानचा मुलगा. पित्याने स्नानगृहात जी निरलंकार यांत्रिक शोभा पाहिली, ती पुत्राने १९३० ते १९३३ या काळात इंदूरच्या माणिक बागेत संपूर्ण महालभर उतरवली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. महालाचे बरेचसे सामान जर्मनीत घडवून जहाजाने आणले गेले. ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची पोलादी नळ्यांची आरामखुर्ची, आयलीन ग्रे यांची खुर्ची, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी केलेले काच आणि धातूचे पलंग, ब्रांकुशीचा झिलई केलेल्या काशाचा पक्षी, हे सर्व एका मराठी संस्थानिकाच्या घरी आले, तेही पॅरिस-बर्लिनमध्ये ही शैली अजून नवखी असताना. त्याच शहरात, राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांत, तांब्याचा बंब आणि पितळी घंगाळ निर्वेधपणे चालू होते. कसेरा बाजारात त्यांच्यावर हातोडे पडत होते. दोन्ही जगांत धातूंची सरमिसळ होती. फरक एवढाच की माणिक बागेतला झगमगाट कल्पनेने ठरवलेला होता, वाड्यातला गरजेने ठरला होता.

माणिक बागेतील वस्तूंचा लिलाव १९८० साली मोनॅकोत झाला आणि त्या जगभर पांगल्या. २०१९मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या महाराजांवर प्रदर्शन भरवले तेव्हा त्यांतल्या अनेक पुन्हा एका छताखाली आल्या. वाड्यांतल्या बंबांचे प्रदर्शन कोणी भरवले नाही. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली, गॅस आणि मग विजेचे गीझर आले. १९७८मध्ये नर्मदेचे पाणी शहरात येऊ लागल्यावर नळांची संख्याही वाढली. बंब मोडीत निघाले. वजनावर चांगला भाव येई, आणि त्या पैशांत स्टीलचे पिंप घेता येई. याबद्दल त्या गृहिणींना दोष देणाऱ्याने एक दिवाळी स्वतः बंब घासून पाहावा.

क्रोमने घरातले श्रम वाचवले हे निर्विवाद. पण ते श्रम नाहीसे झाले नाहीत. त्यांच्या जागी दुसरीकडे दुसरा त्रास उभा राहिला. क्रोमच्या हौदात सोडलेल्या विजेचा जेमतेम दहा ते वीस टक्के भाग मुलामा बसवण्याच्या कामी येतो. बाकीची वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते. त्याचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिक आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. तो तुषार हौदावर वाकलेल्या कामगाराच्या नाकात जातो. ब्लूमफील्ड आणि ब्लम या अमेरिकी संशोधकांनी १९२८मध्येच, म्हणजे पेटंटनंतर दोन वर्षांत, या कामगारांच्या नाकातील पडद्याला पडणाऱ्या छिद्रांची आणि हातांवरच्या न भरणाऱ्या जखमांची नोंद केली होती. धोका अज्ञात होता असे कोणालाच म्हणता येणार नाही. षट्संयुजी क्रोमियमला कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थेने अंतिम शिक्का मारला तो १९९०मध्ये, आणि युरोपीय संघाने क्रोमिक आम्लाचा परवान्याविना वापर थांबवला सप्टेंबर २०१७पासून. मधल्या काळात किती कारखान्यांचे पिवळे पाणी न निवळता ओढ्यानाल्यांत गेले! ते निवळण्याची रीत अवघड नाही. आम्लात सल्फाइटने क्रोमियमची संयुजा उतरवायची आणि चुन्याने ते साक्यात बसवायचे, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अवघड असतो तो खर्च करण्याचा निश्चय. नळावर एकदा बसलेले क्रोम वापरणाऱ्याला अपाय करीत नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ज्याने किंमत मोजली तो या न्हाणीघरात कधी आलाच नाही.

आता नव्या कारखान्यांत त्रिसंयुजी क्रोमियम वापरू लागले आहेत. ते पुष्कळ निर्धोक. पण त्याची झाक जुन्या क्रोमपेक्षा किंचित गडद आणि कमी निळी असते. जुन्या नळाशेजारी नवा बसवला तर जाणत्या नजरेला फरक कळतो. सोनेरी, काळ्या आणि तपकिरी छटांची आजची रेलचेल मात्र निराळ्या तंत्राची. निर्वात पेटीत टायटॅनियम किंवा झिर्कोनियमची वाफ करून तिचा नायट्रोजनशी संयोग घडवतात आणि तो थर नळावर बसवतात. टायटॅनियम नायट्राइड सोन्यासारखे, झिर्कोनियम नायट्राइड पितळेसारखे दिसते आणि दोन्ही अतिशय कठीण असतात. म्हणजे आज पितळेच्या नळावर निकेल, त्यावर क्रोम, आणि त्यावर पुन्हा पितळेसारखा दिसणारा थर! ही प्रदक्षिणा पाहून आजीला हसू आले असते.

मग निवड कशी करावी? इतिहासातून जो धडा मला दिसतो तो आधी काम, मग रंग, असा आहे. ज्याला रोज ओला हात लागतो आणि ज्यातून पाणी वाहते तो नळ, मिश्रक आणि शॉवर हे एकाच कांतीचे, आणि शक्यतो एकाच कारखान्याचे असावेत. कारण ‘घासलेले निकेल’ हे नाव एकच असले तरी दोन उत्पादकांची छटा सहसा जुळत नाही. ज्याला पाणी क्वचितच लागते ती आरशाची चौकट, दिवा, खुंट्या यांना दुसरी कांती खुशाल द्यावी. दोन छटा स्पष्ट भिन्न असाव्यात. क्रोमशेजारी पितळ किंवा काळा रंग शोभतो, पण क्रोमशेजारी चकचकीत निकेल ठेवले तर एक निळसर आणि एक पिवळसर रुपेरी, असे होऊन जोडी चुकल्यासारखी दिसते. तिसरी कांती आलीच तर ती लहानशा वस्तूपुरती असावी. माळव्याच्या काळ्या खडकातल्या कूपनलिकांचे पाणी जड असते. त्याचे पांढरे डाग काळ्या आणि आरशासारख्या पृष्ठावर उठून दिसतात, घासलेल्या रुपेरीवर लपतात. डाग काढायला आम्लाची बाटली घेतली की थर गेलाच म्हणून समजावे. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे बरे. आणि कांती कोणतीही असो, नळ हातात घेऊन त्याचे वजन पाहावे. पितळ जस्ताच्या मिश्रधातूपेक्षा सुमारे सव्वापट जड असते, आणि प्लॅस्टिकचा प्रश्नच नाही. भिंतीआड मात्र सरमिसळ नको. जस्ती लोखंडाच्या नळीला पितळेचा सांधा थेट जोडला की पाण्याच्या सान्निध्यात लोखंड झिजू लागते. तेथे धातूंचे भांडण डोळ्यांना दिसत नाही, गळती लागल्यावरच कळते.

राहिली पितळेच्या अस्वच्छतेची गोष्ट. १९८३मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात फिलिस कून यांनी दारांच्या मुठींची तपासणी केली. चकाकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या मुठींवर जंतू भरपूर आढळले, पितळेच्या मुठींवर फारच कमी. पुढे प्रयोगशाळेत त्यांनी धातूच्या पट्ट्यांवर जंतू सोडून पाहिले, तेव्हाही पितळ आणि तांबे यांवर ते लवकर मेले, स्टीलवर टिकून राहिले. २००८मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून अधिकृत नोंदणी केली. त्यांना लाखेसारख्या पारदर्शक रोगणाचा थर दिला तर हा गुण राहत नाही. धातू उघडा असावा लागतो. आपल्या निष्कर्षानंतर कून यांनी रुग्णालयांना साधीच सूचना केली होती: इमारतीचे नूतनीकरण चालू असेल तर जुन्या पितळी मुठी काढून टाकू नयेत, आणि स्टीलच्या असतील तर त्या रोज निर्जंतुक कराव्यात.